जस्ताची पुडी

१२ नोव्हेंबर १९५९, गुरुवार

आजही लाल! विटेसारखी लाल. नळीत ते निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा — उकळी फुटली की रंग पालटतो. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जास्त. अन् लाल म्हणजे माझी.

नळी सत्यशीलानं धरली होती. मी धरली की उतू जाते म्हणते. खरं कारण मला माहीत आहे — रंग आधी हिला पाहायचा असतो. पाहून झालं की नळी ठेवते अन् माझ्या तोंडाकडे पाहत राहते. बायको आहे की मास्तर!

यवतमाळच्या डॉक्टर पिंपळखुट्यांचं एकच पालुपद — ‘बाबारावजी, इन्सुलिनची सुई सुरू करा.’ रोज सुई! जन्मभर! एकदा त्यांनी पोटासाठी गोळ्या दिल्या होत्या, त्या मी हिच्यादेखत मोरीत टाकल्या. तेव्हापासून मला गोळ्या देत नाहीत. सुईचीच भीती घालतात.

अन् जो तो जमनीचं नाव सांगतो. धरमसिंग नाईक — बंजारा तांड्याचा नाईक, माझा जुना दोस्त. आमच्या कापसाच्या गाड्या वर्षानुवर्षं सोबत यवतमाळला गेल्या — त्याची ही पोर. सोळा वर्षांची. गेल्या साली वाळून काडी झाली होती. तिच्या मायला, मानीबाईला, एकटीनं डॉक्टरसमोर जायचा संकोच; म्हणून ही सोबत गेली. जमनीलाही हाच रोग निघाला. आता मानीबाई दोन्ही वेळ सुई टोचते अन् पोर पुन्हा टवटवीत झाली. होऊ दे! मी पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. बायकोच्या हातून सुया टोचून घ्यायची मला हौस नाही.

१५ नोव्हेंबर

दिग्रसला गेलतो. वैद्य मुकुंदबुवांकडे. नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग म्हणाले — ‘जस्त कमी झालं तुमच्या अंगातलं. यशद भस्म घ्या. जस्ताचंच असते. गुंजभर, हळद-आवळ्याच्या रसातून, सकाळ-संध्याकाळ.’ गूळ बंद, भात बंद, रोज वावरापर्यंत पायी जायचं. एवढंच! सुई नाही, काही नाही.

उठता उठता आणखी म्हणाले — ‘हे तुमच्यासारख्या जाड माणसाले. बारीक, वाळत चाललेल्या रोग्याले मी हे देत नाई. तो रोग अलग. त्याचं औषध माह्याजवळ नाई.’ चतुर माणूस! जिथं जमणार नाही तिथून आधीच पाय काढून मोकळा.

घरी येऊन पुड्यांचा डबा हिच्यासमोर ठेवला. वाटलं, आता तोंड सुटेल. ही म्हणाली — ‘बरं.’

बरं? लग्नाला तीस वर्षं झाली, ही मला कधी ‘बरं’ म्हणाली नाही. सावध राहिलं पाहिजे.

१६ नोव्हेंबर

पहिली पुडी घेतली. काही चव नाही.

२९ नोव्हेंबर

अजून लाल. जरा पिवळट लाल म्हणावी. मी पिवळी म्हटली, ही लाल म्हणाली. भांडण.

परवा ही यवतमाळला जाऊन आली. बहिणीकडे गेलती म्हणते. बहिणीकडून येताना बाई काहीतरी आणते — चिवडा, पापड, निदान चार गोष्टी सांगते. ही आली ती थेट स्वयंपाकघरात. विचारलं, ‘कशी आहे बहीण?’ तर म्हणे, ‘बरी आहे.’ पुन्हा ते बरं!

आणि आजपासून पुड्यांचा डबा हिच्या ताब्यात. ‘तुमी विसरता. मीच देत जाईन.’ मी विसरतो? एकही पुडी चुकली नाही. मग डबा हिला कायले पाहिजे?

९ डिसेंबर

हिरवी!! दोनदा उकळून पाहिली. हिरवीच.

१७ डिसेंबर, गुरुवार

निळी. निव्वळ निळी. नळी हातात घेऊन तसाच बाहेर ओसरीवर गेलो. फकिरा — माझा गाडीवान — बैलांना कडबा टाकत होता. त्याला दाखवली. त्याला काय समजते? तरी म्हणाला, ‘लय चांगला रंग हाय मालक.’

संध्याकाळी पारावर बसून सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर हरला, वैद्य जिंकला. जस्तानं साखर बांधली! दोघंतिघं दिग्रसचा पत्ता विचारून गेले.

ही मात्र पदर तोंडावर घेऊन हसत होती. आनंदानं असेल. पण आनंदानं हसणारा माणूस तोंड लपवत नाही.

२२ डिसेंबर

पुडी फुगलेली वाटते. वैद्यानं दिली तेव्हा पातळ होती, नखावर मावेल एवढं भस्म. आता बोटाला जाडी लागते. रंगही पांढरा झाला. आधी पिवळसर होता. आणि आता कडू लागते!

विचारलं तर म्हणे, ‘हवा लागली असन.’

हवेनं भस्म कडू होते?

२ जानेवारी १९६०, शनिवार

आज वावरात भलतंच झालं.

कापूस वेचायला बाया लावल्या होत्या. जेवायला घरी जायचं होतं पण माप सोडून जाता येईना. दुपार चढली अन् अंगाला एकदम घाम. या थंडीत! हात थरथर कापायला लागले, डोळ्यासमोर अंधारी, अन् भूक अशी की माती खावी. वावराच्या कडेला धुऱ्यावर बसलो. एका वेचणारीच्या फडक्यात भाकर अन् गुळाचा खडा होता, तो तिनं दिला. पथ्य गेलं चुलीत — खाल्ला. थोड्या वेळानं सगळं थांबलं.

हे पहिल्यांदा नाही. मागच्या पंधरवड्यातही असंच झालं होतं, पण इतकं नाही.

घरी आलो तर ही दारातच. पहिला प्रश्न — ‘जेवले काय? टायमावर काहून नाई जेवले?’ आजकाल दिवसभर हेच! जेवले काय, जेवले काय. तीस वर्षांत माझ्या जेवणाची एवढी काळजी केली नाही हिनं.

डबा हिच्याजवळ. पुडी कडू. मला घाम फुटतो. अन् ही वाट पाहत उभी.

एक शब्द मनात येऊन राह्यला. लिहीत नाही.

५ जानेवारी, मंगळवार

यवतमाळला जाऊन आलो. डॉक्टरांना निळ्या रंगाची बातमी द्यायची होती, अन् खरं म्हणजे घामाचंही विचारायचं होतं. घामाचं विचारलंच नाही. बातमी सांगण्यातच वेळ गेला.

वाटलं होतं, डॉक्टर जस्ताला हसतील. हसले नाहीत. म्हणाले — ‘जस्त अगदीच वाईट नाही, बाबारावजी. इन्सुलिनच्या बाटलीतसुद्धा थोडं जस्त घातलेलं असतं, सुईचा असर जास्त वेळ टिकावा म्हणून.’ मी खुर्चीत सरळच झालो. ते पुढे सांगत होते — अमेरिकेत कोणी क्रोमियम नावाच्या धातूचे प्रयोग उंदरांवर करून राह्यले. तो धातू कमी पडला तर उंदरांना साखर पचत नाही. शरीराला असे धातू कण कण लागतात. ‘पण भाजीत मीठ लागतं म्हणून मिठानं चूल पेटत नाही,’ असं काहीतरी शेवटी म्हणाले. मला तोवर जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. इन्सुलिनमध्येच जस्त असते! मग सुई कायले? नुसतं जस्तच घ्या ना!

निघताना डॉक्टर म्हणाले, ‘जेवणाची वेळ चुकवू नका हं.’ अन् मग — ‘सत्यशीलाबाई काय म्हणतात?’ अन् ओठ दाबून हसले.

यांना काय माहीत मी जेवण चुकवतो ते? अन् माझ्या बायकोचं नाव घेऊन हसायचं कारण काय? दोघं मिळून काहीतरी आहे. परतीच्या मोटारीत सगळा रस्ता तेच डोक्यात.

१० जानेवारी, रविवार

धरमसिंग आला. जमनीचं लग्न ठरलं, साखरपुडाही झाला! पुसदकडच्या तांड्यातला मुलगा, पूनमसिंग नाव. सातवी शिकलेला, घरची बागायत. धरमसिंग आधी हसत होता, मग जवळ सरकून हळू आवाजात बोलायला लागला.

‘बाबारावजी, सुईचं त्याईले सांगतलं नाई. लगन झाल्यावर पोरगी दोन टाइम सुई टोचून घेईन तं लोक काय म्हनतीन? वापस आनून सोडतीन पोरीले.’

मग माझ्याकडे पाहून म्हणाला — ‘तुमची साखर पुडीनं गेली म्हनतेत. सारा बाजार बोलून राह्यला. पोरीले चालन काय?’

आता इथं खरं लिहितो. वैद्याचं ते बोलणं — बारीक रोग्याला देत नाही — मला आठवलं. आठवलं, पण मनात म्हटलं, वैद्य भितो. अन् डॉक्टरनंच नाही का सांगितलं, इन्सुलिनमध्ये जस्त असते म्हणून? मी धरमसिंगला तेच सांगितलं. डॉक्टरचं नाव घेऊन सांगितलं. दिग्रसहून मागच्या आठवड्यात दुसरा डबा आणला होता, तो अजून हिच्या हाती गेला नव्हता. तोच उचलून त्याला दिला.

‘सुई बंद करू?’

‘कर. दोन्ही सोबत कायले?’

त्यानं माझे पाय धरले. माझ्यापेक्षा वयानं मोठा माणूस.

ही तेव्हा विहिरीवर होती. हिला सांगितलं नाही. हिला सगळंच कशाला सांगायचं?

१२ जानेवारी

निरोप आला — काल सकाळपासून सुई बंद, पुडी सुरू. जमनी खूश आहे म्हणे. का नसणार!

१४ जानेवारी, गुरुवार, संक्रांत

आज पकडली.

दुपारी वावरातून मुद्दाम लवकर आलो. मागच्या दारानं. स्वयंपाकघरात खटखट आवाज. आधी वाटलं तीळ कुटत असेल. डोकावून पाहिलं तर पोळपाटावर पांढऱ्या गोळ्या, ही लाटण्यानं त्यांचा चुरा करते, अन् बाजूला माझ्या पुड्या उघड्या पसरलेल्या.

‘काय आहे ते?’

ही दचकेल असं वाटलं होतं. दचकली नाही. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, ‘गोळ्या आहेत. साखरेच्या रोगाच्या. नव्या निघाल्या. डॉक्टरनं देल्या.’

‘कधीपासून चारून राह्यली?’

‘यवतमाळले गेलती तवापासून. बहिणीकडे नाई, डॉक्टरकडेच गेलती.’

‘चोरून! नवऱ्याले! काय चारते ते मले माहीत नको?’

‘सांगून देली असती तं मोरीत गेली असती.’

मग माझ्या तोंडातून तो शब्द निघालाच. म्हटलं — ‘मले वाटलं इख देऊन राह्यली तू.’

हिनं सांडलेला चुरा बोटानं गोळा केला. मग हळू म्हणाली — ‘इख द्यायचं असतं तं जेवले काय, जेवले काय म्हणून मांगं कायले लागली असती? गोळी घेऊन उपाशी राह्यलं की घाम फुटते. डॉक्टरनं तसं बजावून सांगतलं होतं.’

तरी मी मागे हटलो नाही. म्हटलं, गोळीनं काही झालं नाही, माझी साखर जस्तानंच गेली. धरमसिंगलाही पटलं. त्यानं तर जमनीची सुई बंदसुद्धा केली.

‘कोणाची सुई?’

‘जमनीची. सोमवारपासून.’

हिच्या तोंडावरचा रंगच उडाला. चुरा, पुड्या, सगळं तसंच टाकून उठली. ‘दमणीले बैल जुंपा. आत्ताच्या आत्ता. डॉक्टरनं मानीबाईले माह्यासमोर सांगतलं होतं — ह्या पोरीची सुई एक दिवस चुकवायची नाई, सुई गेली तं पोर गेली. तुमचा रोग अलग, तिचा अलग!’

मी उभा राहिलो. खरं सांगतो, माझ्या मनात काय आलं — हिला मला तांड्यावर नेऊन धरमसिंगसमोर खाली पाहायला लावायचं आहे. म्हटलं — ‘सिद्ध कर. आजपासून गोळी नाही, नुसती पुडी घेतो. नळी लाल झाली तर जाईन.’

‘नळी लाल व्हायले दोन दिवस लागतीन. पोरीजवळ दोन दिवस आहेत काय?’

शेवटी फकिराला नुसती चौकशी करायला तांड्यावर पाठवलं. तो दिवेलागणीला परत आला. जमनी ठीक आहे, पाणी फार पिते अन् दोनदा उलटी झाली. तिळाचे लाडू जास्त झाले असतील म्हणे.

पाहा! लाडू!

१५ जानेवारी

नळी हिरवट. लाल नाही. ही जेवली नाही. दमणी मागितली. मी बैल कापूस घेऊन जिनिंगवर पाठवून दिले.

१६ जानेवारी, शनिवार

सकाळी उठलो तर घरात ही नाही. शेजारची लीलाबाई म्हणाली, उजाडायच्या आधीच पायी निघून गेली, तांड्याच्या वाटेनं.

एकट्यानंच दिवा पेटवला. हातानं नळी धरली. उकळी फुटली. हिरवी, पिवळी — अन् मग लाल. विटेसारखी लाल.

तेवढ्यात तांड्यावरून उकंडा नावाचा पोरगा पळत आला. धापा टाकत म्हणाला — ‘तुमच्या बाईनं धाडलं. जमनी डोये उघडून नाई राह्यली.’

१७ जानेवारी, रविवार. यवतमाळ, दवाखान्याचा व्हरांडा

कालचं लिहून ठेवतो.

बैल जिनिंगवर. मी उकंडाच्या मागे पायीच निघालो. रस्त्यात दोनदा बसावं लागलं. तांड्यावर पोचलो तर धरमसिंगच्या अंगणात सगळा तांडा गोळा. खाटेवर जमनी. श्वास असा खोल अन् भरभर, जणू कोसभर पळून आली. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. मानीबाई तिचे पाय चोळत होती. सत्यशीला पोरीचं डोकं मांडीवर घेऊन ओठ ओले करत होती. हिनं पोचताच मानीबाईकडून पोरीला सुई मारवून घेतली होती. पण बाटलीत औषध उरलं होतं थोडंच — आता लागणार नाही म्हणून नवी बाटली आणलीच नव्हती.

पुड्यांचा डबा कोनाड्यात, देवाजवळ ठेवलेला.

जमनी एकदाच बोलली. ‘याडी, पाणी.’ याडी म्हणजे आई. मानीबाईनं पाणी दिलं तर गिळता येईना.

खाटेसकट उचलून चौघांनी सडकेवर आणली. सर्विस मोटार यायला वेळ होता. एक कापसाचा ट्रक मिळाला. गाठोड्यांवर खाट, मानीबाई अन् ही दोन्ही बाजूंनी धरून. मी अन् धरमसिंग मागे पाय सोडून बसलो. तो सगळ्या रस्त्यात एवढंच बोलला — ‘पुडी एकही चुकवली नाई, बाबारावजी. बरोबर टायमावर देली.’

माझ्यावर संशय नव्हता त्याला. त्याला वाटत होतं, त्याच्याच हातून काही चुकलं.

डॉक्टर पिंपळखुटे दवाखान्यात स्वतः आले. वास घेतला अन् पुढे काही विचारलंच नाही. सुया, सलाईनची बाटली, पुन्हा सुया. आम्हाला बाहेर काढलं.

आज सकाळी व्हरांड्यात धरमसिंगजवळ जाऊन बसलो. सांगितलं. सगळंच सांगितलं. माझी नळी पुडीनं निळी झाली नाही. बायको लपवून गोळ्या देत होती, त्यानं झाली. वैद्यानं बारीक रोग्याला देऊ नका असं सांगितलं होतं, तेही सांगितलं. डॉक्टरचं अर्धंच बोलणं त्याला ऐकवलं, तेही.

तो जमिनीकडे पाहत ऐकत होता. मग विचारलं — ‘गोळीचं तुमाले कधी समजलं?’

‘गुरुवारी.’

‘काल कोनता वार होता?’

‘शनिवार.’

तो उठला. पागोटं उचललं अन् व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी

जमनी तशीच. डॉक्टर दर थोड्या वेळानं आत जातात. काही सांगत नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो.

१९ जानेवारी, मंगळवार

पहाटे डोळे उघडले! मायला ओळखलं. सत्यशीलानं बाहेर येऊन आधी धरमसिंगला सांगितलं, मग मला. धरमसिंग भिंतीला टेकून बसला होता, तो तिथंच लहान पोरासारखा रडायला लागला. मी जवळ गेलो नाही. मला तो हक्क नाही.

डॉक्टर म्हणाले — ‘तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, बाबारावजी, पण त्याचं काम नीट चालत नाही. गोळी त्याला ढकलते. तिच्या अंगात ते तयारच होत नाही. तिला जस्त द्या, क्रोमियम द्या, सोनं द्या — सुईशिवाय ती जगणार नाही. आणखी अर्धा दिवस गेला असता तर माझ्याही हातात काही राहिलं नसतं.’

अर्धा दिवस. मी दोन घेतले होते.

२० जानेवारी

हिला म्हटलं, ‘चुकलो.’ यवतमाळला हिच्या बहिणीकडे उतरलो आहोत; ही तिथं लुगडं वाळत घालत होती. वळली नाही. म्हणाली, ‘मले काय सांगता? मरणाच्या दारात जमनी गेलती.’

थोड्या वेळानं गोळी आणून दिली. चुरा न करता, अख्खी. हातावर ठेवली अन् पाण्याचा गडवा पुढे केला. मी गिळली. ही उभी राहून पाहत होती. हिला अजून माझा भरवसा नाही. नसूच दे.

२२ जानेवारी

दिग्रसला गेलो. मुकुंदबुवांना सांगणं भाग होतं. बाजारात त्यांच्या नावानं बोलणं सुरू झालं आहे अन् त्यात त्यांचा दोष नाही. ऐकून त्यांनी समोरचा खल बाजूला सारला. मग म्हणाले, ‘पोरगी माह्याकडे आनली असती तं मी सोता तिले यवतमाळले घेऊन गेलो असतो.’ माझ्या निळ्या नळीमुळे जे त्यांच्याकडे आले होते त्या साऱ्यांना निरोप धाडणार आहेत — तपासून घ्या, डॉक्टरची सुई असेल तर सोडू नका. मी परत येताना पारावर थांबलो अन् सगळ्यांसमोर गोळीची हकिगत सांगितली. दोघं हसले. हसोत.

२३ जानेवारी

धरमसिंग अजून बोलत नाही. मी दवाखान्यात जेवणाचा डबा घेऊन गेलो की मानीबाई घेते. तो भिंतीकडे तोंड करून बसतो.

आता नवी धास्ती. दवाखान्याची बातमी लपत नाही. पुसदकडे पोचलीच असणार. कोणीतरी येईल, सोयरीक मोडली म्हणून सांगून जाईल. मानीबाईनं दोनदा विचारलं, ‘काही निरोप आला काय?’ मी म्हटलं नाही. मला वाटते ते निरोपसुद्धा पाठवणार नाहीत, तसेच तोंड फिरवतील. लोक असेच असतात.

२५ जानेवारी, सोमवार

पूनमसिंग आला. एकटाच. मी दवाखान्याच्या दारातच त्याला अडवलं अन् बाजूला नेऊन पोरीच्या वतीनं बोलायला लागलो — सुई फार दुखत नाही, संसाराला आड येत नाही, धरमसिंगनं लपवलं ते फसवायला नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ‘काकाजी, मले मालूमच हाय. साखरपुडा झाला त्याच हप्त्यात जमनीनं मले बाजारात सांगतलं होतं. मी म्हटलं, असू दे.’ मग आत गेला. दुपारी पाहिलं तर नर्सबाईंजवळ स्टुलावर बसला होता, हातात संत्रं, अन् त्यात सुई टोचायला शिकत होता.